देवीपुढे ठेवलेली पत्रिका

२९ डिसेंबर, रविवार

दुपारी येरमाळा स्टँडवर कळंब गाडी पुकारून माइक बंद केला आणि फोन वाजला. पुण्याहून रणधीर बोलत होता. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. महालिंगप्पा सरांच्या शेवटच्या तुकडीतला विद्यार्थी, आता मोठमोठ्या कार्यक्रमांत सॅक्सोफोन वाजवतो, एवढंच ऐकून आहे.

"शांतलिंगदादा ना? सरांना पुढच्या महिन्यात पंचाहत्तर पूर्ण होतायत. आम्ही सगळे मिळून सत्कार करतोय. सर पुण्याला यायला तयार नाहीत, म्हणून लोहाऱ्यालाच ठेवलाय. दोन फेब्रुवारी. तिकडचं हॉल, जेवण सगळं तुम्ही बघायचं. जवळचे तुम्हीच."

मी "बघतो" म्हणालो. नाही म्हणायचं होतं, पण तेवढ्यात लातूर गाडी फलाटाला लागली, आणि गाडी समोर उभी असताना मला दुसरं काही सुचत नाही.

सर माकणीचे. सतराव्या वर्षी फौजेच्या बँडमध्ये गेले, तिथं सॅक्सोफोन शिकले. सुटून आल्यावर शहरात विद्यापीठाच्या संगीत विभागात तेहतीस वर्षं जॅझ शिकवलं. निवृत्त होऊन माकणीला आले, त्यालाही चौदा वर्षं झाली. गावात त्यांना बँडमास्तर म्हणतात. ते चालवून घेतात.

येरमाळ्याहून माकणी गाडी बदलत गेलं तरी अर्ध्या दिवसाचा रस्ता. चौदा वर्षांत मी एकदाही गेलो नाही. हे रणधीरला कसं सांगायचं?

रोज संध्याकाळी, त्या दिवशी कानावर काय आलं ते वहीत लिहायचं, ही सवय सरांनीच लावली. बाकी शिकवलेलं सगळं सुटलं, वही तेवढी राहिली. आज कानावर आलेलं: रणधीरचा आवाज. मोकळा, घाई नसलेला. सरांच्या विद्यार्थ्याचा असावा तसा.

३० डिसेंबर, सोमवार

आज येळवस, वेळ अमावस्या. अर्धा जिल्हा रानात जेवायला निघालेला. गाड्या सकाळी खचाखच, दुपारी रिकाम्या. बलभीमने, आमच्या कळंब गाडीच्या कंडक्टरने, घरून आंबील आणि भज्जी आणली. केबिनमध्येच जेवलो. त्याला सत्काराचं सांगितलं.

"जाझ म्हंजी नेमकं काय वो कंट्रोलर?"

"एक चाल धरायची. मधेच ती सोडून आपल्या मनानं वाजवायचं. आणि ठेका चुकू न देता परत चालीवर यायचं."

"म्हंजी बँडबाजाच की."

"बँडबाजाच. फक्त पुढं नवरदेव नसतो."

"मग तुमच्या माइकवानी म्हणा की! काल तुमी तुळजापूर गाडी अशी पुकारली की लातूरला निघालेली म्हातारी पिशवी घिऊन उठली. म्या म्हणलं, मावशी, तुमची न्हाय ती. तर म्हणती, कळतंय रं, पर बोलीवल्यावानी वाटलं."

मी म्हणालो, प्रवाशांचा असा गोंधळ होत असेल तर मला जपून पुकारायला हवं. बलभीम आंबील पिता पिता ठसकला.

७ जानेवारी, मंगळवार

आज माझ्या हातून जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळच्या गाडीने पुण्याहून पत्रिकांचा गठ्ठा आला. आमच्याकडे पहिली पत्रिका देवीला, मग माणसांना. लग्न असो, वास्तू असो, तसंच हेही शुभकार्य. माझ्या गळ्यात लिंग आहे, सकाळची लिंगपूजा मी कधी चुकवत नाही, पण येरमाळ्यात राहून येडाईच्या पायरीला हात लावल्याशिवायही माझा दिवस जात नाही. आज तर मंगळवार. वरची पत्रिका काढली, हळदकुंकू लावलं आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत डोंगरावर जाऊन आलो. पत्रिका वाचली नाही. देवीच्या आधी आपण कशी वाचायची? पुजाऱ्याने ती पायाशी ठेवली, वर फूल ठेवलं. मी हात जोडून म्हणालो, आई, यात लिहिलंय तसं सगळं पार पडू दे.

खाली येऊन चहा घेतला आणि दुसरी पत्रिका उघडली.

स्वागत, दीपप्रज्वलन, मनोगतं. त्याखाली ठळक अक्षरांत: क्लॅरिनेटवादन, सरांचे पट्टशिष्य श्री. शांतलिंग, येरमाळा. त्याखाली सत्कार.

मी चार वेळा वाचलं. मग रणधीरला फोन केला.

"सरांचीच अट आहे दादा. म्हणाले, स्टेजवर वाजवणार तो एकटा शांतलिंग. बाकी कुणी वाद्य काढायचं नाही. आम्ही तिसेक जण येतोय, त्यातले दहा जण वाजवण्यावरच जगतात. खरं सांगू? आम्हाला जरा लागलंच. पण सर म्हणाले, म्हणजे विषय संपला."

"अहो पण मी..."

"विनय पुरे. तेही सर बोलले होते, तो नाही म्हणेल."

घरी आल्यावर शुभांगीला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"मग सांगून टाकायचं, येत न्हाय म्हणून. त्यात काय एवढं?"

"पत्रिका देवीपुढं ठेवलीय. यात लिहिलंय तसं पार पडू दे म्हणून मागून आलोय."

"देवीला काय क्लारनेट कळतंय व्हय?" ती म्हणाली, आणि लगेच पिठाच्या हातांनी कानाच्या पाळ्या धरल्या.

८ जानेवारी, बुधवार

पट्टशिष्य कसा, ते लिहितो. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही.

मी एकवीस वर्षांचा होतो. माकणीजवळच्या आमच्या गावी पालखीपुढे क्लॅरिनेट वाजवायचो. सर सुट्टीला आले होते, त्यांनी ऐकलं आणि वडिलांना म्हणाले, ह्याला माझ्यासंगं धाडा. मी दोन वर्षं त्यांच्या घरी राहिलो. सरांच्या मंडळी, इरम्माअक्का, पहिली भाकरी माझ्या ताटात टाकायच्या. सगळे विद्यार्थी शहरातले, इंग्रजी बोलणारे. सर माझ्याशी गावच्या बोलीतच बोलायचे, अगदी वर्गातसुद्धा.

दुसऱ्या वर्षी विभागाचा वार्षिक कार्यक्रम होता. सर पियानोवर. माझी पाळी आली की चाल सोडून मी एकट्याने वाजवायचं होतं. पाळी आली. मी वाद्य तोंडाला लावलं आणि डोकं कोरं झालं. एकही सूर नाही. ड्रमवाला ठेका धरून होता. मी मात्रा मोजल्या, आठ. सभागृह भरलेलं. आणि सरांनी पियानोवरून मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हसले.

ते हसणं मला आजही दिसतं. मी वाद्य खुर्चीवर ठेवलं आणि उतरून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सर अंघोळीला गेलेले असताना पिशवी घेऊन निघालो. पाया पडलो नाही, निरोप घेतला नाही. दोन वर्षांनी एसटीत कंडक्टर लागलो, सहा वर्षांपूर्वी कंट्रोलर झालो. सव्वीस वर्षं झाली.

आता सरांनी मला पुन्हा तिथंच उभं केलंय, तेही सगळ्यांसमोर. त्यांचा राग असणं योग्यच आहे. शिक्षा सुनावायला त्यांनी एवढा काळ का लावला, तेवढं कळत नाही.

१२ जानेवारी, रविवार

गुंडाप्पाच्या बँडमधून क्लॅरिनेट आणलं. गुंडाप्पा म्हणाला, "दोन हायेत कंट्रोलरसाहेब. एक चांगलंय, त्ये लग्नसराईत लागतंय. दुसरं खोकतंय." खोकणारं आणलं.

दुपारी घराची खिडकी लावून घेतली. वाद्याच्या तोंडाशी वेताची पातळ पत्ती असते. ती आधी जिभेवर ओली करावी लागते, नाहीतर बोलत नाही. ओली केली. बोटं आपोआप भोकांवर गेली. त्याचं मला नवल वाटलं. मग फुंकलं. शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

शुभांगी बाहेरून म्हणाली, "अवो, दार उघडं ठिवा. आत कुणाला मारायलेत काय म्हणून लोकं इचारतील."

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ओठ सुजलेत. तिळगूळ चावताना डोळ्यांत पाणी आलं. रोज पहाटे पूजेनंतर अर्धा तास वाजवतो. सात सूर सलग निघत नाहीत. एकोणीस दिवस उरले.

देवीला गेलो. पत्रिका तिथंच होती, फूल बदललेलं होतं.

१९ जानेवारी, रविवार

आज माकणीला जाऊन आलो. ठरवून गेलो होतो की सरांचे पाय धरायचे, सगळं कबूल करायचं आणि नाव काढून घ्यायचं. देवीची माफी मागता येईल, ती आई आहे.

लोहाऱ्यापर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये चौदा माणसं आणि दोन बकऱ्या. धरणाचं पाणी दिसायला लागलं तसं सरांना म्हणायचं वाक्य पुन्हा घोकलं.

इरम्माअक्का ओसरीवर भाकरी चुरत होत्या. त्यांनी वर पाहिलं, क्षणभर ओळखलं नाही, आणि मग एकदम, "बा, बा, शांतू! कूतको!" ये, बैस म्हणत होत्या. त्या घाईला लागल्या की कानडीत शिरतात. चुरलेल्या भाकरीवर त्यांनी दूध ओतलं. "ह्येन्ला आता असंच लागतंय," म्हणाल्या. सरांनी खाण्यापिण्याचं व्रत धरलेलं दिसतं. या वयात माणूस विरक्तीकडे वळतोच. खिडकीत पाण्याचा एक काचेचा पेला होता, तळाशी काहीतरी गुलाबी-पांढरं, वर बशी झाकलेली. मी तिकडे पाहिलं तसा अक्कांनी तो उचलून आत नेला. पाणी मी घरूनच पिऊन निघालो होतो, नाहीतर मागितलं असतं.

सर आतून आले. उपरण्याचं टोक तोंडावर धरलेलं. मी पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला, पण उपरणं काढलं नाही. सगळा वेळ तसंच, तोंड झाकून बोलले. शब्दही जरा जड येत होते. मला तोंड दाखवायची इच्छा नसावी, असं मी समजलो. ते मला मान्य होतं.

"सर, मी सव्वीस वर्षांत वाद्याला हात लावलेला नाही. पट्टशिष्य म्हणून माझं नाव आलंय. ते काढून टाका."

"ठाऊक हाय."

"काय सर?"

"हात लावला न्हाईस त्ये."

"मग मला का..."

"तीस जण यायलेत. चांगली वाजवतेत पोरं. पर त्यातला कुणी बी सूर लावला की पुढं काय येणार त्ये मला आदीच कळतंय. मीच शिकवलंय की त्येन्ला. तुजं कळत न्हाय."

धरणाकडून वारा येत होता.

"लेकीकडं बीडला जातो मी," सर म्हणाले. "वरसातनं चार-पाच बारी. येरमाळ्याला गाडी थांबती. उतरत न्हाय मी. खिडकीतनं ऐकतो तुला."

म्हणजे सर इतक्या वेळा माझ्या केबिनसमोरून गेले आणि त्यांनी हाक मारली नाही. एवढा राग.

"सवय सुटली न्हाय तुजी," ते म्हणाले आणि उपरण्याआड हसले.

कोणती सवय, ते विचारायचं धाडस झालं नाही. मी फार सावकाश पुकारतो, मधेच थांबतो, अशी तक्रार पूर्वी एका प्रवाशानेही केली होती.

मग त्यांनीच तो विषय काढला. "त्या दिशी आठ मात्रा गप होतास. मी तुज्याकडं बगून हसलो. का हसलो?"

"मी चुकलो म्हणून," मी म्हणालो.

"आता येतंय म्हणून हसलो, लेका. आजून वाट बगायलोय."

सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात जसाच्या तसा आहे. नाव काढा, असं पुन्हा म्हणायला माझी जीभ उचलली नाही. शिक्षा मिळणार हे माणसाला माहीत असलं की ती सोपी होते म्हणतात. तसं काही होत नाही.

जीपपर्यंत अक्का सोडायला आल्या. रस्त्यात थांबून, मागे घराकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "पोरं ऐकायची न्हाईत रे. वाजवा वाजवा म्हणतील ह्येन्ला. वाद्याची पेटी उघडून दोन वरसं झालीत. मला काय बोलता येत न्हाय, ह्येन्नी शपथ घातलीय. शांतू, त्या येळंला तू बग."

"अक्का, तुम्ही काळजी करू नका," मी म्हणालो. "हॉल, जेवण, सगळं मी बघतो."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाल्या.

२३ जानेवारी, गुरुवार

एक वाट उरली होती. दोन तारखेला रविवार, वर लग्नतिथी, गर्दीचा दिवस. रजा मिळणार नाही अशी माझी खात्री होती. अर्ज केला म्हणजे मी प्रयत्न केला, आणि नामंजूर झाला म्हणजे माझा दोष नाही. देवीलाही तेच सांगता आलं असतं.

आज साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "गुरूचा सत्कार? अहो, आधी सांगायचं. एक नाही, दोन दिवस घ्या." बाहेर बलभीम उभा होता. तो म्हणाला, "समद्या गाडीला सांगितलंय म्या. आमचे कंट्रोलर वाजवणार म्हणून. सात-आठ जण यायलोत आमी."

एवढ्या वर्षांत मी रजा मागितली नव्हती. मागायला नको होती.

२८ जानेवारी, मंगळवार

रणधीरचा फोन. मला शपथ घालून एक गुपित सांगितलं. सगळ्यांनी मिळून सरांसाठी नवा सॅक्सोफोन घेतलाय. सत्काराच्या वेळी तो सरांच्या हातात द्यायचा आणि तिथंच त्यांना वाजवायला लावायचं. "सर नाहीच म्हणतील. पण सगळे उठून टाळ्या वाजवत राहू. वाजवल्याशिवाय सोडायचं नाही."

फोन ठेवला आणि किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला. सर वाजवणार म्हटल्यावर माझ्याकडे कोण लक्ष देईल? दोन मिनिटं काहीतरी करून मी उतरेन, आणि मग सरांचं ऐकून लोक माझं विसरून जातील. अक्का म्हणाल्या होत्या की पेटी उघडून दोन वर्षं झाली. म्हणजे जुनं वाद्य खराब झालं असणार. नवं हातात आलं की सर किती खूश होतील.

देवीला नारळ फोडला. तिने मार्ग काढला असं वाटतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

काल झालं. आज दुसरा रजेचा दिवस, म्हणून सकाळी लिहायला बसलो आहे.

लोहाऱ्याचा हॉल भरला होता. पुण्यामुंबईहून, हैदराबादहून माणसं आली होती. गावचेही पुष्कळ. बलभीम आणि मंडळी गणवेशातच आली, मागच्या दोन रांगा खाकी दिसत होत्या. सर मध्यभागी खुर्चीवर, खांद्यावर उपरणं. काल ते तोंडावर नव्हतं, पण ओठ घट्ट मिटलेले.

मनोगतं झाली. मला सोनाली नावाच्या बाईंचं आवडलं. त्या मुंबईत मुलांना शिकवतात. म्हणाल्या, "सरांनी मला सहा महिने वाद्याला हात लावू दिला नाही. स्टेशनवर बसवायचे, बाजारात बसवायचे. म्हणायचे, ऐक. माणसं बोलताना कुठं थांबतात ते ऐक. मी आज माझ्या मुलांना तेच करायला लावते, आणि पालक मला फोन करून विचारतात की फी कशाची घेता?" सगळे हसले. सर हसले नाहीत, मान हलवली.

मनोगतांनंतर माझं नाव होतं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, क्लॅरिनेट मांडीवर. पण रणधीरला धीर निघेना. त्याने माइक घेतला, मोठी पेटी स्टेजवर आणवली आणि उघडली. आत पिवळाजर्द सॅक्सोफोन. टाळ्यांचा कडकडाट. त्याने तो सरांच्या गळ्यात अडकवला आणि म्हणाला, "सर, आज नाही म्हणायचं नाही!"

सगळे उभे राहिले. टाळ्या एका ठेक्यात पडायला लागल्या. "वाजवा! वाजवा!" गावचे लोकही त्यात मिसळले. "बँडमास्तर, होऊन जाऊ द्या!"

सरांनी वाद्य दोन्ही हातांत धरलं होतं, परक्याचं तान्हं मूल धरावं तसं. ओठ मिटलेलेच. एका हाताने ते उपरणं चाचपत होते, पण वाद्याच्या पट्ट्यात ते अडकलं होतं. रणधीर हात जोडून त्यांच्या पुढ्यात गुडघ्यावर बसला. अक्का खाली पहिल्या रांगेत, पदर मुठीत. सरांनी सगळीकडे पाहिलं, रांगांवरून, दाराकडे, आणि मग माझ्याकडे.

ती नजर मी ओळखली. पत्रिकेत माझं नाव आधी आहे. देवीपुढे ठेवलेला क्रम मोडत होता आणि मी गप्प बसलो होतो. सर मला त्याचीच आठवण देत होते.

मी उठलो. स्टेजवर गेलो. सरांच्या पाया पडायचंही विसरलो, त्यांच्याकडे पाठ केली आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं. पालखीची जुनी चाल धरली. पहिला सूर बरा लागला, दुसरा बरा. तिसऱ्याला पत्ती किंचाळली. पुढच्या रांगेतल्या मुलीने कान झाकले. लोक हसले, टाळ्या थांबल्या.

आणि मी थांबलो. डोकं कोरं. अगदी तेव्हासारखं.

उतरून जावं म्हणून वळलो, तर पायऱ्यांवर सगळे हार आणि पुष्पगुच्छ रचून ठेवलेले. पाय ठेवायला जागा नाही. गुरूच्या सत्काराची फुलं तुडवून कसं जायचं? म्हणून तिथंच उभा राहिलो. हॉल शांत झाला. पंख्याचा आवाज येत होता. एक पातं कुठंतरी घासत होतं. मी तो आवाज ऐकला. मग ती किंचाळी पुन्हा काढली, मुद्दाम, आणि तिच्यावरून खाली उतरलो, आणि ती चालीत बसली. कशी, ते मला सांगता येणार नाही. पुढे काय वाजवलं तेही नीट आठवत नाही. तीन-चार मिनिटं झाली असतील. मागे जमिनीवर सरांचा पाय वाजत होता, एवढं कानावर येत होतं.

संपल्यावर वळून पाहिलं. सरांनी सॅक्सोफोन पेटीत ठेवून झाकण लावलेलं होतं. ते उठले, माइकपाशी आले आणि एवढंच बोलले, "झालं. आता कुणी काय बी वाजवायचं न्हाय. जेवाय चला."

त्यानंतर माझ्याशी नीट कोण बोलणार? रणधीर म्हणाला, "दादा, दोन मिनिटं थांबला असता तर सरांनी वाजवलं असतं. तीस जण त्यासाठी आले होते." त्याचं बरोबर आहे. मी गुरूच्या आधी वाजवलं, गुरूकडे पाठ करून वाजवलं, आणि त्यांना त्यांच्याच दिवशी वाजवू दिलं नाही. सर कार्यक्रम अर्धवट सोडून उठले, ते त्याचमुळे.

जेवताना अक्का सरांना गव्हाची मऊ हुग्गी भरवत होत्या. मी लांब उभा होतो. त्यांनी मला हाताने बोलावलं, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. डोळे भरलेले. "बगितलंस की रे," म्हणाल्या. "बगितलंस." जेवणाची व्यवस्था चांगली झाली होती, त्याचं ते असावं. भात जरा कमी पडला होता, पण ते त्यांना कळलेलं नव्हतं.

गाडीत बसताना सरांनी काच खाली केली. "पुढल्या रविवारी ये," म्हणाले. रागावणार असतील तर एकट्यातच रागावतील, एवढा मोठेपणा त्यांच्यात आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाहेर अजून अंधार असताना उठलो. पूजा केली. सवयीने खिडकीपाशी बसलो. शुभांगी चूल पेटवता पेटवता म्हणाली, "अवो, कार्यक्रम झाला की. गुंडाप्पाचं क्लारनेट आज द्यायचं म्हणला होताव. आता कशाला?"

कशाला, ते मलाही सुचलं नाही. पण पत्ती ओली करून झाली होती. ती तशीच वाळू द्यायला जीव झाला नाही.